वेब सेवेला कॉल कोणाचा आला, हे कोडमध्ये कसं ओळखावं

विनंतीसोबत येणारी माहिती दोन प्रकारची असते: कॉल करणाऱ्याने स्वतः सांगितलेली आणि आपण पडताळलेली. यूजर-एजंट (कॉल करणारा ब्राउझर किंवा प्रोग्रॅम), रेफरर (आधीचं पान), ओरिजिन (मूळ साइट) ही हेडर्स, म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची शीर्षकं, पहिल्या प्रकारातली. 'कर्ल' या विनंत्या पाठवणाऱ्या कमांडच्या एका ओळीत कुणीही त्यांत हवं ते भरू शकतो. ती लॉगमध्ये जरूर ठेवा, पण त्यांच्या भरवशावर कुणाला आत घेऊ नका.

१. आयपी पत्ता नीट वाचा. सर्व्हरपुढे प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर, असेल तर सॉकेटवर (थेट जोडणीवर) दिसणारा पत्ता त्या प्रॉक्सीचा असतो. मूळ पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये येतो. पुष्कळ कोडमध्ये त्यातला सर्वांत डावीकडचा पत्ता उचललेला दिसतो. खोटा घालता येतो तो नेमका तोच, कारण प्रत्येक प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता उजव्या टोकाला जोडत जातो. म्हणून मोजणी उजवीकडून करा: आपले प्रॉक्सी दोन असतील, तर उजवीकडून दुसरा पत्ता कॉल करणाऱ्याचा. प्रॉक्सीला वळसा घालून थेट सर्व्हर गाठता येत असेल, तर हा हिशोबही फसतो. तो रस्ता फायरवॉलवर बंद करा. एवढं करूनही एका पत्त्यामागे शेकडो माणसं असू शकतात. विनंत्यांवर मर्यादा घालायला पत्ता चालतो, ओळख म्हणून नाही.

२. कॉल करणारा प्रोग्रॅम असेल तर प्रत्येकाला वेगळी एपीआय की, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त अक्षरमाला, द्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित जनरेटरमधून ३२ रँडम बाइट्स घ्या; यूआरएलला चालणाऱ्या बेस-६४ मध्ये त्यांची ४३ अक्षरं होतात. डेटाबेसमध्ये मूळ की नको, तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे जिच्यावरून मूळ की काढता येत नाही अशी खूण, ठेवा. कीच्या आधी एक उघड क्रमांक जोडा, त्यावरून नोंद शोधा आणि हॅशची तुलना स्थिर वेळ घेणाऱ्या फंक्शनने करा, म्हणजे लागलेल्या वेळेवरून कुणाला अंदाज बांधता येत नाही. की हेडरमधूनच मागा. यूआरएलमध्ये आली, की ती वाटेतल्या प्रत्येक ॲक्सेस लॉगमध्ये उतरते. एका ग्राहकाच्या दोन की एकाच वेळी चालू द्या, म्हणजे सेवा न थांबवता की बदलता येते.

३. जेडब्ल्यूटी, म्हणजे ओळखीची माहिती असलेलं डिजिटल स्वाक्षरीचं टोकन, येत असेल तर आधी स्वाक्षरी तपासा, मगच आतलं वाचा. स्वाक्षरीचा मान्य अल्गोरिदम आपल्या कोडमध्ये पक्का लिहा. टोकन सांगेल तो मानलात, तर तिथे 'नन' (कोणताही नाही) लिहून स्वाक्षरीच काढलेलं टोकनही आत येऊ शकतं. मग 'आयएसएस' म्हणजे टोकन कुणी दिलं, 'एयूडी' म्हणजे कुणासाठी दिलं आणि 'ईएक्सपी' म्हणजे मुदत, हे तिन्ही पाहा. राहून जातं ते बहुधा 'एयूडी', आणि मग शेजारच्या सेवेसाठी दिलेलं टोकन तुमच्याकडेही चालून जातं. घड्याळांतल्या फरकासाठी ६० सेकंदांची सूट पुरे.

टोकनमधल्या 'सब'मध्ये सहसा वापरकर्ता असतो, 'क्लायंट-आयडी'मध्ये ॲप. कुणाच्या वतीने आणि कोणत्या ॲपने, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; दोन्ही उत्तरं जपून ठेवा.

४. ही सगळी तपासणी एकाच मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक विनंती मुख्य कोडआधी ज्यातून जाते त्या भागात, करा आणि निघालेली ओळख विनंतीच्या कॉन्टेक्स्टमध्ये (त्या विनंतीपुरत्या माहितीत) ठेवून पुढे द्या. थ्रेड-लोकल, म्हणजे एकेका थ्रेडपुरतं (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्यापुरतं) व्हेरिएबल वापरत असाल, तर विनंती संपताच ते हमखास रिकामं करा. पूलमधला (तयार थ्रेडच्या साठ्यातला) थ्रेड पुन्हा वापरला जातो आणि आधीच्या माणसाची ओळख पुढच्याच्या नावावर चढते. चाचणीत हे सहसा दिसत नाही, भार वाढला की दिसतं.

५. ओळख पटली नाही तर उत्तरात ४०१ हा स्टेटस कोड द्या, पटली पण परवानगी नाही तर ४०३. लॉगमध्ये कीचा उघड क्रमांक आणि विनंतीचा आयडी लिहा. पूर्ण की किंवा टोकन कधीच नाही.

शेवटी नकाराच्या चाचण्या लिहा: मुदत संपलेलं टोकन, चुकीचा 'एयूडी', स्वाक्षरी नसलेलं टोकन, रद्द केलेली की. या चारही विनंत्यांना ४०१ मिळायला हवा. एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये स्वतः एक खोटा पत्ता घालूनही विनंती पाठवा. तो लॉगमध्ये मूळ पत्ता म्हणून उमटला, तर पहिल्या पायरीतली मोजणी चुकली आहे.