देवाशी जवळीक वाढत नाही असं वाटतंय? या चुका टाळा

"मंडळीत (चर्चमध्ये) नियमित जातो, दशमांश (कमाईचा दहावा भाग) देतो, तरी आतून कोरडंच वाटतं." सांगली-मिरजेकडं कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या घरी भरलेली प्रार्थनासभा, संपून चहा सुरू झाला की हे वाक्य कुणाकडून तरी हळू आवाजात ऐकायला मिळतं. आणि असं बोलणारा माणूस पुष्कळदा मंडळीतला सगळ्यात जास्त राबणारा असतो.

सेवेलाच देवाची संगती समजणं

मला ही सगळ्यात मोठी चूक वाटते, कारण ती चूक आहे असं वाटतच नाही. नाताळचा कार्यक्रम, तरुण संघाचं शिबिर, गायनाचा सराव, आजाऱ्यांच्या भेटी, यातलं एकही काम वाईट नाही. पण या सगळ्यात देवापाशी नुसतं बसायला वेळ उरत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात येशू घरी आला असताना मार्था कामात गुंतलेली होती. येशूनं तिच्या कामाला नावं ठेवली नाहीत. तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस, पण गरज एकाच गोष्टीची आहे, असं तिला सांगितलं.

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागायतदाराला योहान 15 मधला येशूचा "मी वेल, तुम्ही फाटे" हा दाखला लवकर कळतो. तो वर्षात दोनदा छाटणी घेतो. घड दिसतात ते ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. पण काडीच्या डोळ्यात ते सूक्ष्म रूपात तयार होतात उन्हाळ्यात, एप्रिलच्या खरडछाटणीनंतर, बागेत फळाचं नावही नसताना. तेव्हा बाग दुर्लक्षित राहिली, तर ऑक्टोबरनंतर कितीही फवारण्या केल्या तरी घड कमीच निघतात. "माझ्यामध्ये राहा" हे येशूचं सांगणं मला या न दिसणाऱ्या काळासाठी फार लागू वाटतं. कुणी पाहत नाही, साक्ष देण्याजोगं काही घडत नाही, तो वेळ खरा कामाचा.

म्हणून आधी एक जबाबदारी कमी करा. पाळकांना मोकळेपणानं सांगा, यंदाचं शिबिर दुसऱ्या कुणाकडं द्या. तो मोकळा झालेला वेळ दुसऱ्या मीटिंगला मात्र देऊ नका.

पहाटेच्या नियमात अडकणं

पहाटे चारला उठून गुडघ्यावर बसलं तरच प्रार्थना, असं पुष्कळांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत मिशनचा दवाखाना सुरू केला. तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांचं आणि नर्सिंगचं नातं जुनं आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणाऱ्या सिस्टरनं पहाटे एकांत कुठून आणायचा? आणि जमत नाही म्हणून स्वतःला कमी का लेखायचं? मार्क 1:35 मध्ये येशू भल्या पहाटे एकांतात गेला, हे खरं. पण मत्तय 14:23 मध्ये तो लोकसमुदायाला निरोप देऊन संध्याकाळी डोंगरावर एकटा आहे, आणि लूक 6:12 मध्ये रात्रभर प्रार्थनेत आहे. घड्याळातली वेळ कोणतीही असो, ती रोजची आणि तुमची असू द्या. सुरुवातीला पंधरा मिनिटं पुरतात.

त्या पंधरा मिनिटांत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. व्हॉट्सअॅपवर आलेलं सकाळचं वचन पुढं पाठवलं म्हणजे शास्त्रवाचन झालं, असं नाही. मार्कचं शुभवर्तमान घ्या, ते 16 अध्यायांचं आहे. रोज एकच प्रसंग मोठ्यानं वाचा, आणि त्यात येशू कसा वागला यावर देवाशी दोन वाक्यं बोला. पुढचा प्रसंग उद्या.

दुसऱ्याच्या आवाजात प्रार्थना करणं

वक्त्याची लकब, ध्वनिक्षेपकावरचा चढता सूर, ठरलेली वाक्यं हे सगळं घरच्या प्रार्थनेतही शिरतं. मग बोलणारे आपण नसतोच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि ओव्यांत मांडली, ती आपल्या माणसांना आपल्या बोलीत देवाशी बोलता यावं म्हणून. शेवटच्या वर्षांत, 1917 साली, त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला तो साताऱ्यातच. आई-वडिलांशी जसं बोलता, तसं बोला. राग आला असेल तर तोही सांगा. स्तोत्र 13 ची सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर?" या प्रश्नानं होते.

घरातलं भांडण बाजूला ठेवून वेदीपाशी जाणं

इथं कोणताही उपवास कामी येत नाही. बांधावरून, वाटणीवरून, कधी मंडळीच्या निवडणुकीवरूनही सख्ख्या भावांचं बोलणं बंद असतं. दोघंही रविवारी उपासनेला येतात, प्रभुभोजन घेतात आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. मत्तय 5:23-24 मध्ये येशूनं क्रम स्पष्ट सांगितलाय: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर, मग ये. चूक कुणाची, हे तिथं विचारलेलंच नाही. प्रार्थनेला बसलं की तेच तोंड डोळ्यांसमोर येतं, म्हणूनही पुष्कळजण प्रार्थना टाळत असतात.

वाटणीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका, त्याला वर्षं लागतील. एक फोन करा, तब्येत विचारा. समोरच्यानं फोन ठेवला तरी तुमच्याकडून दार उघडं राहील. गोष्ट मारहाणीची किंवा छळाची असेल तर मात्र एकट्यानं जाऊ नका. आधी सुरक्षित राहा आणि विश्वासातल्या माणसाची मदत घ्या.

थकव्याला अविश्वास म्हणणं

1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला बोल लावत नाही. एलीया झोपतो, दूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. होरेब डोंगराचा प्रवास आणि देवाशी बोलणं त्यानंतर. म्हणून कोरडेपणा आला की आधी झोप आणि जेवण तपासा. आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरांकडेही जा; जीव नकोसा वाटत असेल तर आजच जा. तुमचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं, तर त्याला हाच अध्याय वाचायला द्या.