शाळेत धर्मग्रंथ शिकवायचा प्रस्ताव आला, तर समितीने काय करावं

गीतापठण सुरू करा, धम्मपद या बौद्ध ग्रंथाचा तास ठेवा, असा अर्ज मुख्याध्यापकांकडे आला की तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे येतो. ‘संस्कारच आहेत, काय बिघडतं?’ म्हणणारे एकीकडे आणि ‘शाळेत धर्म नकोच’ म्हणणारे दुसरीकडे. शाळा कोणत्या प्रकारची आहे हे मात्र कुणी बघत नाही. सुरुवात तिथून करा.

शाळेच्या ११ अंकी युडायस क्रमांकाच्या (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला क्रमांक) नोंदीत व्यवस्थापनाचा रकाना असतो. तिथे महानगरपालिका किंवा जिल्हा परिषद असेल, तर शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते आणि संविधानाच्या कलम २८(१) नुसार तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पालकांकडून संमतीपत्रं गोळा करणं. २८(१) मध्ये संमतीची सोयच नाही. वर्गातल्या चाळीसपैकी चाळीस पालकांनी सह्या केल्या तरी उत्तर बदलत नाही.

खासगी अनुदानित शाळेला २८(३) लागू होतं. तिथे धार्मिक शिक्षण असू शकतं, पण विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय त्याला त्यात बसवता येत नाही. विनाअनुदानित शाळांना आपण यातून सुटलो असं वाटतं. ते खरं नाही, कारण कलमात ‘मान्यताप्राप्त किंवा अनुदानित’ असं आहे. नुसती मान्यता असली तरी पुरते. २८(२) चा अपवाद सरकार चालवत असलेल्या, पण न्यासाने धार्मिक शिक्षणाच्या अटीवर स्थापन केलेल्या संस्थांपुरता आहे. कुणी तो पुढे केला तर न्यासपत्र मागून वाचा.

आता उपक्रमाकडे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला होता. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात धर्मांचा अभ्यास कलम २८ मध्ये निषिद्ध नाही, असं म्हटलं. म्हणजे पालिकेच्या शाळेतही ग्रंथ उघडता येतो, प्रश्न तो कसा उघडायचा एवढाच. आमच्या मते तो उघडावाच. संतकाव्य न वाचलेल्या मुलाची मराठी अर्धीच राहते.

पसायदानाचंच बघा. परिपाठात डोळे मिटून, हात जोडून म्हटलं की ती प्रार्थना झाली. (एखादं मूल हात न जोडता शांत उभं राहिलं तर त्याला राहू द्या. राष्ट्रगीत न गाता आदराने उभ्या राहिलेल्या मुलांना शाळेतून काढणं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चूक ठरवलं होतं.) तेच पसायदान मराठीच्या तासिकेत पाठ्यवेचा म्हणून घेता येतं.

तासिका ३५ मिनिटांची धरा. नऊ ओव्या एकदम घेऊ नका, एकच पुरे: ‘जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवांचें ॥’ पहिली पाच मिनिटं खळ, व्यंकटी, रती, मैत्र या शब्दांना. पुढची दहा ज्ञानेश्वरी नेवाशात शके १२१२ मध्ये, संस्कृत सोडून मराठीत का झाली याला. मग पंधरा मिनिटं एकाच प्रश्नावर: खळच (दुष्टच) नाहीसे होवोत असं न मागता त्यांची व्यंकटी (वाकडेपणा) जावो असं का मागितलं? त्याच वेळी फळ्यावर धम्मपदातली पाचवी गाथा लिहा, ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं’, वैराने वैर कधीच शमत नाही. मुलं दोन्हींतलं साम्य आणि फरक स्वतः शोधतात. उरलेल्या वेळात दोन-दोन ओळी लिहून घ्या. गुण भाषेला आणि युक्तिवादाला द्या, श्रद्धेला नाही.

बिघडतं ते बहुधा ‘आपण’ या शब्दापाशी. ‘आपला धर्म सांगतो’ असं शिक्षकाच्या तोंडून गेलं की वर्ग दोन भागांत पडतो. नागपुरात ही चूक फार महागात पडते. कुणाच्या घरी ताजबागच्या दर्ग्यातल्या उरुसाची तयारी असते. कुणाच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या असतात, आणि राम-कृष्णाची उपासना करणार नाही ही त्यांतलीच एक. त्या नातवाला गीतेच्या पोथीसमोर हात जोडायला लावणं म्हणजे घरचा शब्द मोडायला लावणं. म्हणून ‘वारकरी मानतात’, ‘बौद्ध मानतात’, ‘या ग्रंथात म्हटलं आहे’ अशीच वाक्यं पाठ टाचणात लिहून ठेवा. ‘हे खरं कशावरून?’ असं विचारणाऱ्याला गप्प बसवलं, पोथीपुढे दिवा लावला किंवा पाठांतराला बक्षीस ठेवलं, की अभ्यास संपून धार्मिक शिक्षण सुरू झालं असं समजा. बाहेरच्या मंडळाची पाठांतर स्पर्धा शाळेच्या वेळेत घेणं हाही त्यातलाच प्रकार.

२८(३) च्या शाळेत संमतीपत्र प्रवेश अर्जापासून वेगळं ठेवा. ग्रंथ, नेमका भाग, शिकवणारी व्यक्ती, वार आणि वेळ लिहा. खाली ‘संमती आहे’ आणि ‘संमती नाही’ असे दोन रकाने. पत्र परत आलं नाही तर तो नकार धरा. दरवर्षी नवं पत्र घ्या. तास शेवटच्या तासिकेला ठेवा आणि न बसणाऱ्या मुलांना शिक्षकासह ग्रंथालयात बसवा, व्हरांड्यात नाही. व्हरांड्यात बसलेलं मूल साऱ्या शाळेला दिसतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याचे पालक नाइलाजाने सही करतात.

तक्रार असेल तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोचेवर आवक क्रमांक घ्या. पुढे पालिकेच्या शाळेसाठी पालिकेचे शिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेच्या व खासगी शाळांसाठी जिल्हा परिषदेचे. ठराव पाहायला मिळत नसेल तर सरकारी किंवा अनुदानित शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांपर्यंत मजकूर, उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘हे का सुरू केलं?’ असं विचारू नका, त्यावर उत्तर मिळत नाही. बैठकीची तारीख लिहून इतिवृत्ताची आणि ठरावाची प्रत मागा.