नाडीत ठोका चुकतोय? काय करायचं

छातीत धस्स होतं, क्षणभर काहीच नाही, मग एक दणका. बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. त्यानंतरच्या थांब्यात हृदयात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात लागतो.

आधी मोजा. पाच मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा आणि पूर्ण 60 सेकंद नाडी पाहा. खंड किती पडले ते वेगळं लिहा. बीपी मशीनवरचा नाडीचा आकडा इथं फसवा, अशक्त ठोके ते मोजतच नाही.

पहिला खर्रा सोडा. त्यात तंबाखूही आहे आणि सुपारीही, दोन्ही हृदयाला टोचणाऱ्या. चहा दोन कपांवर आणा. उन्हाळ्यात वावरात घाम गाळल्यावर किंवा जुलाबात पोटॅशियम, मॅग्नेशियम घटलं की असे ठोके वाढतात. ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करून नाही. बीपी, किडनी किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ग्रामीण रुग्णालयातला ईसीजी काही सेकंदांचाच असतो. तो साधा आला तरी त्रास रोजचा असेल तर 24 तासांचा होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावून घ्या. दिवसाचे ठोके साधारण 1 लाख. त्यात 10 टक्क्यांहून जास्त वेळेआधीचे निघाले तर हृदय कमजोर होऊ शकतं, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. हिमोग्लोबिन, थायरॉइडही तपासा. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी गोळी) सुरू असेल तर मनानं एकदम बंद करू नका.

चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं: सरळ 108. फवारणीनंतर धडधडीसोबत घाम, लाळ सुटली तरी तेच, आणि औषधाचा डबा सोबत न्या.