हप्ता अडकला? केवायसीच्या आधी स्टेटस बघा

पीएम किसानचा हप्ता पडला नाही की आमच्या सेवा केंद्रात पहिलं वाक्य ठरलेलं: "ताई, केवायसी करून द्या." माझं उत्तरही ठरलेलं, आधी स्टेटस बघू. केवायसी झालेली असेल तर ती पुन्हा केल्याने दमडी येत नाही.

पीएम किसानच्या साइटवर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका. तो सापडत नसेल तर तिथेच मोबाइल किंवा आधार नंबर टाकून काढता येतो. खाली तीन गोष्टी दिसतात: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडलेली आहे का), ई-केवायसी आणि आधार बँक सीडिंग (आधार बँक खात्याला जोडलेला आहे का). जिथे 'नो' आहे, तेवढंच काम करायचं.

केवायसीचं सोपं आहे. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने घरीच होते. खुरपं धरून धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या, त्यांचा अंगठा मशीन घेत नाही. त्यांची पीएम किसान ॲपमधून चेहरा दाखवून करा.

खरी मेख बँकेत असते. हप्ता पासबुकावरच्या नंबराने येत नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या बऱ्याच काकूंचं २०२४ मध्ये हेच झालं. लाडक्या बहिणीसाठी पोस्टाच्या बँकेत नवं खातं काढलं, आधार तिकडे जोडला गेला, आणि किसानचे दोन हजारही गुपचूप तिकडेच जाऊ लागले. काकू मात्र जुनं पासबुक भरून आणतात आणि म्हणतात, सरकारने बंद केलं. म्हणून माय आधारच्या साइटवर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव येतं. पैसे त्या बँकेत शोधा.

नाव येत नसेल किंवा 'इनॲक्टिव्ह' दिसत असेल तर बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा अर्ज भरा. खिडकीवरचा माणूस "आधार लिंक आहे की!" म्हणेल. ते खात्याचं केवायसी झालं. तुम्हाला एनपीसीआयला, म्हणजे आधारचे पैसे कुठल्या बँकेत जायचे ही नोंद जिथे असते तिथे, मॅपिंग हवंय. 'मॅपिंग' हाच शब्द वापरा आणि अर्जाची पोच घ्या.

लँड सीडिंग 'नो' असेल तर सातबारा, आठ अ आणि आधार घेऊन तालुक्याला कृषी किंवा तहसील कार्यालयात जावं लागतं. आधारवर 'बाळासाहेब' आणि सातबाऱ्यावर 'बाळू' असेल तर आधी तलाठ्याकडे. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच.) जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून नावावर हवी. नंतर विकत घेतलेली चालत नाही. वडील वारल्यावर वारसाने आलेली चालते, पण फेरफार जोडून वारसाची नवी नोंदणी करावी लागते. वडिलांच्या नावावर हप्ता उचलत राहू नका, वसुलीची नोटीस घरी येते.

काहींचा हप्ता मुळात बसतच नाही: आयकर भरणारे, शिपाईवर्ग सोडून सरकारी नोकर, महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शनवाले. नवरा-बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच. नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावावर वेगवेगळे सातबारे असले तरी.

'नमो शेतकरी'चा वेगळा फॉर्म नसतो. पीएम किसानच्या यादीवरूनच राज्याचे वर्षाला सहा हजार येतात, म्हणून एक अडकलं की दोन्ही अडकतात. फॉर्मचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. फार्मर आयडी मात्र राहिला असेल तर काढून घ्या, आता शेतीच्या योजनांना तो लागतोच.

आणि व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका, ग्रुपवर सरपंचांच्या नंबरावरून आली तरी. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. शंका असेल तर १५५२६१ ला फोन लावा. लाइन लागायला वेळ जातो, दुपारी जेवणानंतर लावून बघा.