पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीचं पाणी बदलताना या चुका टाळा

टाकीचं वय न सांगता 'पाणी किती दिवसांनी बदलू?' असं विचारलं तर नेमकं उत्तर देता येत नाही. सॉइल (झाडांसाठी तळाला घालतात ती पोषक माती) घातलेली नवी टाकी पहिले काही आठवडे अमोनिया सोडते. तेव्हा दर एक-दोन दिवसांनी 30 ते 50 टक्के पाणी बदला. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नका. इथली घाई त्यांच्या जिवावर बेतते. जुनी होऊन स्थिरावलेल्या टाकीला आठवड्याला 25-30 टक्के पुरतं. झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) आणि रोज भरपूर खत देत असाल, तर 50 टक्के.

सर्वांत वाईट चूक म्हणजे पाणी न बदलता महिनोन् महिने कमी झालेल्या पाण्याची नुसती भर घालणं. वाफ होते ती पाण्याची. क्षार आणि नायट्रेट टाकीतच राहतात. मऊ पाण्यात केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) संपत जातो, पीएच 6 च्या खाली घसरतो, अमोनिया फस्त करणारे जिवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो, म्हणून मासे ठणठणीत दिसतात. मग एका रविवारी शेवाळ डोळ्यांवर येतं आणि 80 टक्के पाणी एका दमात बदललं जातं. पीएच चढतो, अमोनियमचा विषारी अमोनिया होतो, आणि थोड्याच वेळात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. दोष येतो पाणी बदलण्यावर, आणि पुन्हा कोणी बादलीला हात लावत नाही. अशी टाकी रोज 10 टक्के बदलत, अमोनिया तपासत दोन आठवड्यांत हळूहळू वळणावर आणा.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरामाइन असेल, तर ते पाणी रात्रभर ठेवून उडत नाही, डीक्लोरिनेटर (ते निष्प्रभ करणारं औषध) वापराच. नळाचं पाणी थेट टाकीत सोडत असाल, तर मात्रा पूर्ण टाकीच्या लिटरवर मोजा.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या थोड्या पाण्यातच पिळा, पण टाकीचं पाणी बदलायच्या दिवशी नको.

हीटर आधी बंद करा. पाणी उतरून त्याची गरम काच उघडी पडली की तडकू शकते.

सायफन (पाणी ओढायची नळी) सॉइलमध्ये खुपसू नका, मुळं उखडतात. बोटभर वर धरून फक्त गाळ ओढा.

आणि अंदाजाने बादल्या उपसू नका. 60×30×36 सेंटिमीटरची टाकी कागदावर 65 लिटरची, पण सॉइल, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण 50 लिटर. त्याचे 30 टक्के म्हणजे 15 लिटर. तेवढं काढल्यावर पाणी जिथे येतं, तिथे काचेवर बाहेरून पट्टी चिकटवून ठेवा.