रेसलिंगमधला फेस (हिरो) आणि हील (व्हिलन) कसा करायचा, थोडक्यात नाही, जरा सविस्तर

आमच्या आजीला इंग्रजीतलं ओ की ठो कळायचं नाही, रेसलरची नावं पण माहीत नसायची, पण आम्ही टीव्हीवर रेसलिंग लावलं की ती मेथी निवडत बसायची आणि दोन मिनिटात बरोबर ओळखायची की यातला नालायक कोण. रेफरी पाठ करून उभा आणि मागे एकजण दुसऱ्याचा गळा दोरीवर दाबतोय असं दिसलं की हातातली जुडी टाकून ओरडायची, "अरे मुडद्या, मागं बघ की!" झालं, सगळा अभ्यासक्रम यात आला. भाषा न कळणाऱ्या म्हातारीलाही कळलं पाहिजे की ओरडायचं कोणाच्या बाजूने.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे भाच्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला पोरांनी रेसलिंगचं स्किट बसवलं होतं. व्हिलन झालेला पोरगा गॉगल लावून, केस उडवत, उड्या मारत आला आणि अख्खं पब्लिक त्याच्यासाठीच शिट्ट्या मारत बसलं, हिरो बिचारा बाजूला नुसता उभा. सगळ्यात कॉमन चूक हीच, आणि मोठमोठे प्रोफेशनल लोक पण करतात.

आधी एक सांगतो, उचलून कसं आपटायचं, पडायचं कसं हे इथे मिळणार नाही, ते ट्रेनरकडे महिनोनमहिने शिकायचं असतं, गादी टाकली म्हणून मान वाचत नाही. इथे फक्त वागायचं कसं ते. आणि याला कुस्ती म्हणू नका, खासबागेत मातीत उतरणाऱ्या माणसासमोर तर अजिबातच नको. इथे कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असतं, आपलं काम ती गोष्ट खरी वाटायला लावणं.

चांगला तो फेस, पूर्ण नाव बेबीफेस. वाईट तो हील. मेक्सिकोत टेक्निको आणि रुडो म्हणतात. पब्लिकने आनंदाने आरडाओरडा केला की तो पॉप, रागाने केला की हीट.

हीलपासून सुरुवात करू कारण खरी मेहनत त्याची

हीलचं काम स्वतः भारी दिसणं नाही, समोरचा भारी दिसावा यासाठी स्वतः हलकट दिसणं हे त्याचं काम. जुन्या पद्धतीत मॅच पण हीलच चालवायचा, म्हणजे पुढे काय करायचं ते हळूच कानात सांगणारा तोच. आपल्याकडे निळू फुल्यांबद्दल सांगतात ना, की खेडेगावात बायका त्यांना बघून खरंच घाबरायच्या, आणि प्रत्यक्षात माणूस एकदम साधा. तसं.

पहिली गोष्ट, भित्रेपणा. रिक फ्लेअरचे जुने व्हिडिओ बघा. आधी तोऱ्यात चालणार, केस सावरणार, बोलून बोलून जीव नकोसा करणार, आणि समोरच्याने दोन ठेवून दिल्या की गुडघ्यावर बसून हात जोडत मागे सरकणार, नको रे बाबा नको. फेस एक क्षण थांबला की लगेच डोळ्यात बोट. दहा सेकंदांचा खेळ आहे पण पब्लिकचं रक्त खवळतं. ताकदीत कमी म्हणून नाही, अंगात दम असूनही शॉर्टकट मारतो म्हणून राग येतो.

दुसरी गोष्ट चीटिंग, आणि तिचा नियम एकच, रेफरीने बघायचं नाही आणि पब्लिकने बघायचंच. पिन करताना, म्हणजे समोरच्याचे खांदे रेफरीने तीन मोजेपर्यंत जमिनीला दाबून धरताना, दोरीवर पाय ठेवायचे, पँट धरून ठेवायची, चड्डीत लपवलेली वस्तू काढून एक हाणायची आणि परत लपवून रेफरीला रिकामे हात दाखवायचे. दोरीवर गळा दाबला तर रेफरी पाचपर्यंत मोजतो, मग चारला सोडायचं, हात वर करायचे, "सोडलं ना मी", आणि परत दाबायचं. चॅम्पियन हील असेल तर अजून मजा, कारण काउंटआउट (रेफरीने मोजून संपवलं तरी रिंगबाहेरच) किंवा डिसक्वालिफाय झालं तर साधारणपणे बेल्ट जात नाही, त्यामुळे हरायला लागला की बेल्ट काखेत मारून सरळ घरचा रस्ता धरायचा. नियम मोडण्यापेक्षा नियमाचा असा फायदा घेतलेला लोकांना जास्त झोंबतो.

तिसरं, हीलला स्वतःचं बरोबरच वाटत असतं. १९९९ च्या शेवटी कर्ट अँगल आला तेव्हा त्याच्याकडे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकचं खरं सुवर्णपदक होतं, आणि तो पब्लिकला मेहनत, सचोटी, बुद्धी यावर लेक्चर द्यायचा. एक शब्द चुकीचा नाही, तरी डोकं उठायचं. आपल्या नात्यात असा एक काका असतोच. ओवेन हार्टचं पण तेच, मोठा भाऊ ब्रेट सगळं घेऊन जातो, मला कोणी विचारत नाही, ही तक्रार खोटी नव्हती, फक्त त्यावर तो जे करायचा ते वाईट होतं.

पैशाचा माज दाखवायचा असेल तर टेड डिबियासी. लहान पोराला सांगितलं, इतक्या वेळा बॉल टप्पे मारून दाखव, पैसे देतो, आणि शेवटच्या टप्प्याला पायाने बॉल उडवला. एक ठोसा नाही, एक शिवी नाही, आणि अख्खं सभागृह त्याच्या जिवावर उठलेलं. ॲक्शनपेक्षा अशी एक क्षुद्र गोष्ट शोधा.

गॉर्जस जॉर्ज तर त्याच्या आधीचा, १९४० आणि ५० च्या दशकातला. सोनेरी कुरळे केस, झगमगीत झगे, आणि नोकर आधी रिंगमध्ये अत्तर फवारणार, मग साहेब आत येणार. मुहम्मद अली १९६१ मध्ये त्याला भेटला होता आणि बडबड करून लोकांना चिडवलं की तिकिटं खपतात हे त्याच्याकडून उचलल्याचं त्याने स्वतःच सांगितलंय.

स्वस्तातली हीट पण असते, ज्या गावात आहात त्या गावाला नावं ठेवायची, कोल्हापुरात जाऊन सांगलीचं कौतुक करायचं. चालतं, पण दोन मिनिटं. आणि जात, धर्म, रंग यावर हीट मागू नका, मला तरी तो आळशीपणा वाटतो. इतिहासात भरपूर झालंय. आयर्न शेखला इराणचा झेंडा देऊन अमेरिकेत उभा केला, आणि २३ जानेवारी १९८४ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हल्क होगनने त्याला हरवलं तिथून होगनचं वेड सुरू झालं. जपानमध्ये याच्या उलट, १९५४ मध्ये रिकिडोझान अमेरिकन म्हणून आणलेल्या (खरं तर कॅनडाच्या) शार्प बंधूंना चोपायचा आणि लोक रस्त्यावर लावलेल्या टीव्हीसमोर गर्दी करायचे, तिथे गोरे लोक हील. २०१७ मध्ये जिंदर महल चॅम्पियन झाला, पोरगा कॅनडातल्या कॅल्गरीचा, पण अमेरिकन पब्लिक चिडावं म्हणून माइकवर पंजाबीत भाषण (प्रोमो) द्यायचा, आणि इकडे आपण टाळ्या वाजवत होतो. म्हणजे हील कोण हे समोर कोण बसलंय त्यावरही ठरतं.

आता फेस

फेसचं मुख्य काम मार खाणं. खरंच. दारासिंगसमोर किंगकाँगसारखा अवाढव्य माणूस का ठेवायचे, तर बघणाऱ्याच्या पोटात आधी गोळा यावा म्हणून. मार खाण्याचा उस्ताद बघायचा तर रिकी मॉर्टन, रॉक अँड रोल एक्स्प्रेस या जोडीतला. जोडीच्या मॅचमध्ये पार्टनरच्या हातावर टाळी दिली की मगच तो आत येऊ शकतो. दोघा हीलनी त्याला आपल्या कोपऱ्यात कोंडून बदडायचं, तो सरपटत पार्टनरकडे जायचा, बोटभर अंतर राहिलं की पाय धरून परत मागे ओढायचे. मग कधीतरी टाळी लागतेच, पण नेमकं त्या वेळी रेफरीला दुसऱ्या हीलने बोलण्यात गुंतवलेलं, त्यामुळे ती धरलीच जात नाही. पार्टनर चिडून आत घुसतो, रेफरी त्याला अडवायला जातो, आणि रेफरीची पाठ फिरली म्हणून हीलना मॉर्टनला अजून बदडायला मोकळं रान. चांगल्या माणसाच्या खऱ्या रागाचा फायदा वाईटाला होतो, हे बघून आमची आजी उठून उभी राहायची. शेवटी खरी टाळी लागते तेव्हा छप्पर उडतं.

दुखलं तर दुखलेलं राहू द्या. दहा मिनिटं हीलने गुडघा पिळलाय आणि तुम्ही उठून धावायला लागलात तर त्या दहा मिनिटांची माती. जिंकताना पण लंगडा. सेलिंग म्हणतात ते हेच, आणि नवीन पोरांना याचाच कंटाळा.

फेसने सहसा चीटिंग करायची नाही. सहसा म्हणतोय कारण एडी गरेरो होता. तो खुर्ची समोरच्याच्या हातात फेकायचा आणि स्वतः डोकं धरून आडवा पडायचा, रेफरी वळून बघतो तर खुर्ची दुसऱ्याच्या हातात. लोक हसून हसून मरायचे, कारण समोरचा त्याच लायकीचा असायचा आणि एडी आपण लबाड आहोत हे कधी लपवायचा नाही. पण हे एडीला जमलं, तुम्ही आधी साधं करा.

बाकी छोट्या गोष्टी. येताना पुढच्या रांगेतल्यांच्या हाताला हात लावा. ब्रेट हार्ट आपला गॉगल पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला घालायचा, त्या पोराने जन्मभर दुसरा कोणी हिरो मानला असेल का? आणि लोकांच्या डोक्यावर बसू नका. २०१५ च्या रॉयल रंबलला फिलाडेल्फियात रोमन रेन्स जिंकला तर लोकांनी हूटिंग केलं, शेवटी रॉक येऊन सोबत उभा राहिला तरी थांबले नाहीत. फेस वरून लादता येत नाही. तोच रोमन २०२० मध्ये हील झाल्यावर बघण्यासारखा झाला.

मॅच कशी रचायची

फार डोकं लावू नका. सुरुवातीला फेस भारी पडतो, लोक खूश. मग हील काहीतरी घाण करून मॅच पलटवतो आणि बराच वेळ सावकाश मारत राहतो. सावकाश महत्त्वाचं, फटाफट मूव्ह मारल्या तर लोक टाळ्या देतात. मध्येमध्ये फेस उठायला बघतो, टाळ्यांचा ताल सुरू होतो, आणि हीलने तो ताल मध्येच तोडायचा, केस ओढून खाली पाडायचं. असं दोन-तीनदा. मग कमबॅक, मग शेवट. हील भारी दिसला की काय होतं, यावरून एनडब्ल्यूओ या हीलच्या टोळीची गोष्ट आठवते. ७ जुलै १९९६ ला होगन, बारा-तेरा वर्षांचा लाडका हिरो, स्कॉट हॉल आणि केविन नॅशला जाऊन मिळाला, लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला, इतकी जबरदस्त हीट. पण पुढे त्यांचे काळे टी-शर्ट घालून पोरं फिरायला लागली. भाच्याच्या स्किटमधल्या गॉगलवाल्या व्हिलनचंच मोठं रूप.

बाजू बदलायची असेल तर, म्हणजे टर्न, कारण आधीपासून पेरायला लागतं. १९९७ च्या रेसलमेनिया १३ मध्ये ब्रेट हार्ट फेस म्हणून आला आणि स्टोन कोल्ड हील म्हणून. स्टोन कोल्ड रक्ताने माखला, ब्रेटच्या शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पकडीत अडकला, हार मानली नाही, शुद्धच गेली. ब्रेटने नंतरही मारणं थांबवलं नाही. बाहेर पडताना दोघांच्या बाजू उलट. ब्रेटचं चिडचिडेपण आधीच्या महिन्यांत दिसतच होतं म्हणून ते पटलं. २०१८ च्या समरस्लॅमला बेकी लिंचने मैत्रिणीवर हात उचलला, ठरवलं होतं लोक चिडतील, तर लोक बेकीच्याच बाजूने, कारण तिचा राग त्यांना रास्त वाटला. अशा वेळी पब्लिकशी भांडू नका, गोष्ट बदला.

रिंगबाहेर

हा बनाव टिकवणं म्हणजे केफेब. पूर्वी फेस आणि हील एका गाडीतून प्रवास पण करायचे नाहीत. १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली तर आत आयर्न शेख आणि झेंडा नाचवणारा देशभक्त जिम डगन शेजारीशेजारी, तेव्हा त्यांचं रिंगमध्ये हाडवैर चालू होतं. दोघांची नोकरी गेली. मेक्सिकोचा मास्क घालून खेळणारा एल सांतो, जो १९४२ मध्ये रुडो म्हणून सुरू झाला आणि नंतर देशाचा लाडका झाला, त्याला १९८४ मध्ये मास्कसकट पुरलं. आज इन्स्टाग्रामच्या जमान्यात एवढं कोणी करत नाही, पण स्किटच्या दिवशी कँटीनमध्ये हिरो-व्हिलन एका प्लेटमधून वडा खाताना दिसले तर संध्याकाळी कोण चिडणार.

आणि हरल्यावर हीलने नुसतं उठून जायचं नाही. रेफरीला दोन बोटं दाखवायची, तीन नव्हतेच, दोनच होते, पँट ओढली माझी, बघितलं नाही का कोणी, असं पुढच्या रांगेतल्या माणसाला पटवत उलट्या पावलांनी जायचं. फेसने तोवर रिंगमध्येच, एक हात दुखऱ्या बरगडीवर. पाणी बिणी विंगेत गेल्यावर.