ब्रिटन यांचा चेलो सोनाटा वाजवताना या चुका टाळा

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी चेलो (व्हायोलिनच्या कुळातले, बसून गजाने वाजवायचे मोठे वाद्य) आणि पियानोसाठीचा हा सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांच्याकरिता लिहिला. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधील ऑल्डबरा महोत्सवात तो प्रथम सादर झाला, तेव्हा पियानोवर स्वतः ब्रिटन बसले होते. एवढे ध्यानात ठेवले, तरी पियानोवादकाला केवळ साथीदार मानण्याची सर्वांत मोठी चूक टळते. पहिल्या भागाचे नावच ‘दियालोगो’, म्हणजे संवाद, असे आहे.

या भागात चेलो दबून जातो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि त्यावर पियानोचे झाकण लावून घेतले जाते. हा उपाय मला मान्य नाही, कारण त्यामुळे पियानोचा आवाज मंद होण्याबरोबरच धूसरही होतो. आधी पियानोवादकाने स्वर लांबवणाऱ्या पेडलचा वापर कमी करावा आणि डावा हात हलका ठेवावा. चेलोच्या खालच्या तारांचे स्वर बहुधा तिथेच झाकले जातात.

दुसऱ्या भागात गज बाजूला ठेवून सर्व स्वर तार छेडूनच काढायचे असतात, आणि चेलोवादकांची खरी कसोटी इथे लागते. जोर यावा म्हणून तार वर ओढली, की ती तारांखालच्या, बोटे ठेवायच्या पट्टीवर आपटून खडखडते. ती बोटाच्या मांसल भागाने आडवी छेडावी. स्वर उमटताच विरत असेल, तर दोष बहुधा डाव्या हातात असतो, कारण बोट वेळेआधी उचलले गेले की तारेचे कंपनच थांबते. उजव्या हाताची बोटे लवकर हुळहुळी होतात, म्हणून सराव थोडा थोडा, पण रोज करावा.

तिसऱ्या भागातील विलापगीत शिखराला पोहोचते, तेव्हा चेलोला एकाच वेळी अनेक तारांवर वाजवावे लागते. तिथपर्यंत गजाचे बळ राखून ठेवावे.

चौथा भाग म्हणजे कूच, लष्करी चालीची धून. भागाच्या शेवटी ती परत येते ती अतिशय हळू आवाजात, आणि आधी खर्जात असलेला चेलो आता हार्मोनिक स्वरांत (तार न दाबता, बोट नुसते टेकवून काढलेल्या उंच, शिटीसारख्या स्वरांत) वर जातो. हे स्वर फुटू लागले की वादक गज अधिक दाबतो आणि ते आणखीच फुटतात. बोटाचा नुसता स्पर्श ठेवून गज घोडीकडे, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पुलाकडे, सरकवावा आणि त्याची गती एकसारखी राखावी.

अखेरच्या भागात गज तारेवरून उसळत राहायला हवा. प्रत्येक गजाला सहज उसळण्याची स्वतःची अशी एक लय असते, त्यामुळे मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावर) वेगाचा आकडा ठरवण्यापूर्वी चेलोवादकाने ती लय शोधावी आणि पियानोने आपला वेग त्याच लयीशी जुळवून घ्यावा.